उजव्या पायातला चोर

माझ्या सासऱ्यांनी एकदा पुण्यात पेट्रोलचोर पकडायचा घाट घातला होता. चोर सापडला, पण तो निघाला त्यांच्याच मुलाच्या उजव्या पायात, आणि दाखवून दिला मी. हे सांगताना आजही माझा आवाज जरा चढतो. चढू दे. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या आणि मुळशीच्या खोऱ्यात दिलेल्या बाईकडे मिरवण्यासारख्या गोष्टी फार नसतात.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या आधीची ही हकिगत. माझ्या वडिलांचं शुक्रवार पेठेत सायकलींचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायच्या, पंक्चर काढायची, चेन घट्ट करायची. मूळचे आम्ही मुळशीकडचेच. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा आजोबा पुण्यात आले, आणि माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी पुन्हा त्याच खोऱ्याकडे बघितलं. त्यांना त्यात आनंद होता. मला मात्र रडू आलं होतं, कारण मुलगा पाहायला आम्ही एसटीने पौडला उतरलो तेव्हा पुढे सायकल चालवण्यासारखा रस्ताच मला दिसेना.

मुलगा मला आवडला, हे आधीच सांगून टाकते. तो लष्करात ड्रायव्हर होता, तिथून सुटल्यावर मुंबईला मालाच्या ट्रकवर लागला होता. दुःख एवढंच की लग्न झालं आणि तो ट्रक घेऊन गेला तो गेलाच. कधी इंदूर, कधी बेळगाव. गणपतीत यायचा, शिमग्याला यायचा, दोन-चार दिवस राहायचा, आणि त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेची कडी वाजली की मी गोठ्यात निघून जायचे. नवरा असून तो मला पाहुण्यासारखा भेटत होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, मामंजी आणि म्हशी. मामंजी म्हणजे माझे सासरे. माणूस करडा, बोलणं मोजकं, पण माझ्या ताटात काय पडलंय याकडे त्यांचं लक्ष असायचं.

मग लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप नवऱ्याने बघून ठेवली. खोऱ्यात दूध भरपूर होतं आणि ते पुण्याला वेळेत पोचत नव्हतं. मामंजींनी मुकाट्याने बैलजोडी विकली. जीप आली आणि जीपबरोबर माणूस घरी आला. पण मामंजींनी पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून अट घातली.

"शिमग्यापतोर बघू. गाडीनं सोताचं पोट सोता भरलं तर ठीक. न्हाई भरलं तर इकायची, बैलं आनायची, आन तू पुन्यांदा मुंबईला."

मी दाराआड उभी होते. शिमगा किती लांब आहे ते मी मनातल्या मनात मोजलं आणि त्या दिवसापासून ती जीप मला सवतीसारखी न वाटता सख्ख्या बहिणीसारखी वाटायला लागली. तिचं पोट भरलं तर माझा माणूस घरी राहणार होता.

आता तिचं पोट किती मोठं, हे मोजायची सोय गाडीत नव्हती. काटा होता, पण तो केव्हाच मेलेला. त्या जिपेची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली असायची. गादी उचलायची, झाकण काढायचं आणि आत काठी बुडवायची. मामंजींनी कळकाच्या बांबूची एक सरळ काठी तासली आणि तिच्यावर विळ्याने बोटाबोटावर खाचा पाडल्या. पेट्रोल हवेत लगेच उडून जातं, म्हणून काठी बाहेर आली की ओल जिथे संपते तिथे ते चटकन अंगठा दाबायचे. मग तो अंगठा डोळ्यांजवळ नेऊन सांगायचे, "आज लई प्याली," किंवा "आज बरी वागली." गाडीचं पिणं आमच्याकडे बोटांत मोजलं जायचं.

नवऱ्याचं गाडी चालवणं हा बघण्यासारखा प्रकार होता. मी स्वतः सायकलवाल्याची मुलगी, कुणाच्याही चालवण्याला सहजासहजी मान डोलावत नाही. पण पिरंगुटच्या घाटात त्याच्या शेजारी बसले की मी गप्प व्हायचे. घाट लागायच्या बऱ्याच आधी, सपाटीवरच, तो गाडीला हळूहळू वेग देत आणायचा. चढ सुरू झाल्यावर गाडीकडे काही मागायचा नाही, आधीच दिलेलं असायचं. पाय एका जागी ठेवलेला, अंगठ्याएवढाही हलत नसे. माथा यायच्या जरा आधी पाय उचलायचा, आणि भरल्या कॅनसकट गाडी उरलेला तुकडा आपली आपण चढून पलीकडे झुकायची. कॅनची झाकणं वाजायची नाहीत. म्हैस रस्त्यात दिसली तर ब्रेक लावायचा नाही, लांबूनच पाय सोडायचा. आपण पोचेपर्यंत म्हैस गेलेली असायची. घाई नाही, आदळआपट नाही, हॉर्न नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, आणि तो वाटतो हे त्याला कळू नये म्हणून मी बाहेर बघायचे.

त्या काळी काही ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिनच बंद करून टाकायचे. त्याच्यावर तो भयंकर चिडायचा. म्हणायचा, "ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. पाय काढून घेतला की पेट्रोल असंबी फार जात न्हाई. इंजिन बंद करून उतरनारा मढं घेऊन उतरतुया." लष्करात डोंगरातल्या रस्त्यांवर शिकलेलं त्याने सोडलं नव्हतं, आणि त्याची गाडी कधी गरम ब्रेकचा वास मारत घाट उतरली नाही.

एवढा हातखंडा असूनही गाडी प्यायची ती प्यायचीच. दसरा झाला, दिवाळी आली, आणि मामंजींचा अंगठा रोज काठीवर खाली खाली सरकायला लागला. नवऱ्याने मग एक दिवस वाटेतही काठी घातली. घरातून निघताना एकदा, कोथरूडच्या जकात नाक्यावर एकदा, आणि परत निघताना डेक्कनच्या पंपावर भरायच्या आधी एकदा. त्यातून जे निघालं त्याने बापलेक दोघेही चक्रावले. घरापासून नाक्यापर्यंत, म्हणजे डोंगर, घाट, चढ सगळं धरून, गाडी जेवढी प्यायची त्याहून जास्त ती नाक्याच्या आत, पुण्याच्या सपाट पेठांत पीत होती. लांबी बघितली तर शहरातला फेरा म्हणजे रस्त्याचा एक लहानसा तुकडा.

मामंजींनी निकाल देऊन टाकला. "चोरी. दुसरं काय? पुन्याची मानसं लई तरबेज. डोळ्यातलं काजळ काढून न्हेतील, ही तर टाकी हाय."

मी पुण्याची आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी भाकरी जरा जोरात थापली.

दुसऱ्याच दिवशी ते चोर पकडायला निघाले. धोतर, कोट, फेटा आणि हातात ती खाचांची काठी. मलाही माहेरी जायचं होतं, म्हणून मी मागे कॅनच्या मधोमध बसले. बेत असा होता की नवरा दूध द्यायला खाली उतरला की मामंजींनी लगेच ड्रायव्हरच्या जागेवर सरकायचं. टाकी त्याच गादीखाली, म्हणजे चोराला आधी मामंजींना उचलावं लागलं असतं. तसे ते बसलेही. लक्ष्मी रोडवर, मंडईत, बुधवारात, जिथे जिथे गाडी थांबली तिथे ते स्टिअरिंगमागे ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे वटारत होते. एक टांगेवाला त्यांना रामराम करून गेला. त्याच्यावरही त्यांचा संशय बसला.

आणि मी मागे बसून माझ्या नवऱ्याला शहरात गाडी चालवताना पहिल्यांदाच नीट बघत होते. माझा विश्वास बसेना. नाका ओलांडला की हा माणूसच बदलायचा. पुढे हात दोन हात मोकळी जागा दिसली की पाय दाबायचा, आणि लगेच समोर हातगाडी आली की तोच पाय ब्रेकवर आदळायचा. कॅन पुढे सरकायचे, मी कॅनवर आपटायचे. पुन्हा दाब, पुन्हा ब्रेक. हॉर्न तर हाताखालून निघतच नव्हता. चौकातल्या पोलिसाने हात केलेला लांबून दिसायचा, तरी हा शेवटपर्यंत गाडी पळवत न्यायचा आणि पोलिसाच्या पायाशी कचकन थांबवायचा. घाटात म्हशीला देत होता तेवढाही मान तो पोलिसाला देत नव्हता.

सायकल चालवणाऱ्याला हे बघवत नाही. मी ज्या पुण्यात वाढले ते पुणं सायकलवर चालायचं. सायकलवर प्रत्येक ब्रेक मांड्यांतून वसूल होतो. आपण पायाने घाम गाळून जो वेग आणलेला असतो तो ब्रेक दाबला की फुकट गेला, आणि पुन्हा आणायचा म्हणजे पुन्हा घाम. म्हणून सायकलवाला ब्रेकला फार जपून हात लावतो. पुढचा टांगा कुठे वळणार, बाई रस्ता कधी ओलांडणार, पोलीस हात करायच्या आधी खांदा कसा फिरवतो, हे त्याला लांबूनच कळतं आणि तो पायडल मारायचं आधीच थांबवतो. नवऱ्याच्या प्रत्येक ब्रेकसरशी माझ्याच मांड्या दुखत होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. दूध द्यायला तो उतरायचा तेव्हा इंजिन चालूच ठेवायचा. हलवायाकडे दूध मापून द्यायला वेळ लागे, हलवाई बोलका असे, आणि बाहेर गाडी आपली फुरफुरत उभी. मी विचारलं, "अहो, बंद का करत नाही?" तर मान फिरवली. मग माझ्या लक्षात आलं. गाडी बटनाने चालू करायचा सेल्फ बिघडलेला, बंद केली की पुढे जाऊन इंजिनात लोखंडी हँडल घालून मारावं लागायचं, आणि भर बुधवारात, चार टोपीवाल्यांच्या देखत, वाकून हँडल मारायची याला लाज वाटत होती. पुण्यात आपल्याला कुणी खेडवळ म्हणू नये म्हणून हा माणूस घरचं पेट्रोल जाळत होता.

त्या हलवायाने कॅनचं झाकण उघडलं आणि आतला लोण्याचा गोळा बोटाने उचलून दाखवला. "दूध आणता की ताक घुसळत येता?" त्याने विचारलं. नवऱ्याचा चेहरा पडला. मला त्या क्षणी त्याची दया आली आणि हसूही आलं.

पंपावर मामंजींनी काठी घातली. अंगठा होता तिथेच, खाली. ते फार निराश झाले. दिवसभर गादीवरून हलले नव्हते, पाण्यालासुद्धा उतरले नव्हते. म्हणाले, "मी बसलोय आन तरीबी न्हेलं. चोर गाडीतच हाय म्हनायचा."

"आहेच," मी म्हणाले. "ह्यांच्या उजव्या पायात आहे."

सुनेने सासऱ्यासमोर असं बोलायची पद्धत नव्हती. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी खरं तर घाबरायला हवं होतं. पण मला शिमगा दिसत होता आणि ती पत्र्याची ट्रंक दिसत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं: ब्रेकचं, हँडलचं, लोण्याचं. वर हेही सांगितलं की घाटात ह्यांच्यासारखा ड्रायव्हर मी बघितलेला नाही आणि शहरात ह्यांच्यापेक्षा आमच्या दुकानातला नवशिका बरा. नवरा तडकला.

"मग तूच चालीव की!"

"चालवीन. शिकवा."

मामंजी काठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिकव तिला. पर तिनं चालवायची ती नाक्याच्या आतच. नाक्याच्या अलीकडं आपली मानसं हायेत, तितं त्योच चालवील."

ज्या माणसाने बोलताना कधी सुनेकडे मान वर करून बघितलं नाही, त्याने हे म्हटलं. मला आजही वाटतं की त्या दिवशी त्यांना हवा तो चोर सापडला नसला तरी हिशेब कळला होता. त्यांनाही मुलगा मुंबईला जायला नको होता. ते बोलून दाखवणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं.

भाताची कापणी झाली होती, खाचरं मोकळी पडली होती. नवऱ्याने मला तिथे शिकवलं. तो चिडका शिक्षक आणि मी तोंडाळ विद्यार्थिनी, त्यामुळे गावाला बरीच करमणूक झाली. क्लच मला लवकर जमला. तो म्हणाला, "पाय हालका हाय तुजा." एवढंच, पण ते मी मनात जपून ठेवलंय. परवान्याच्या परीक्षेला साहेबाने मला गाडी मागे घ्यायला लावली, दोनदा लावली, आणि तिसऱ्यांदा काही सुचेना म्हणून सही करून टाकली.

मग कोथरूडच्या नाक्यावर आमची रोज अदलाबदल व्हायला लागली. तो उतरून इकडून जायचा, मी उतरून तिकडून, आणि मधे जिपेच्या नाकासमोर आम्ही एकमेकांना ओलांडायचो. नाक्यावरचे शिपाई हसायचे. डोक्यावरचा पदर मी दातात धरायचे आणि गाडी गिअरमध्ये टाकायचे.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे फेरा उलटा केला. पुणं वरवर सपाट दिसतं, पण सायकलवाल्याला विचारा. स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे, नदीकडे, सगळा उतार आहे. शाळेतून येताना आम्ही मुली तिथे पायडल न मारता यायचो. नवरा आधी लक्ष्मी रोडला शिरायचा, मग वर, मग पुन्हा खाली, असा दिवसभर चढउतार करत बसायचा. मी म्हटलं, आधी टिळक रोडने थेट स्वारगेट गाठायचं आणि मग दुकानं घेत घेत खाली उतरायचं.

"भरल्या गाडीनं चढ आदी?" त्याने कपाळाला हात लावला.

"घाटात तुम्ही काय करता? एकदाच चढता ना, दमादमाने? की चढता, उतरता, पुन्हा चढता?"

त्याने कपाळावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "व्हय." त्याचा मला मान वाटतो. चूक मान्य करताना बरेच पुरुष कारणं सांगतात. तो एका शब्दात मोकळा व्हायचा. टिळक रोडचा चढ कसा घ्यायचा हे मग त्यानेच मला शिकवलं, घाटातल्यासारखा, पाय एका जागी ठेवून.

हँडलचाही प्रश्न उतारानेच सोडवला. प्रत्येक दुकानाशी मी गाडी तोंड खाली करून उभी करायचे आणि इंजिन बंद. दूध देऊन झालं की हँडब्रेक सोडायचा, गाडी आपली घरंगळायला लागायची, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की इंजिन हलकेच खोकून चालू. वाकायला नको की कुणी बघायला नको. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा नवरा चालत्या गाडीत मोठ्याने हसला. शहरात तो असा हसलेला मी पहिल्यांदा ऐकला. हलवायाच्या कॅनमधलं लोणी बंद झालं. त्याने त्याबद्दल तक्रारच केली, आता घरच्या पोळीला लोणी कुठून आणू म्हणून.

अंगठा काठीवर वर सरकायला लागला, पण हळूहळू. मध्येच एक लग्नाची वरात आडवी आली की सगळं मुसळ केरात. शिमगा जवळ आला. मामंजींनी काठीवर एक खोल खाच पाडली आणि सांगितलं, "शिमग्याच्या आदल्या दिशी पंपावर हितपतोर ओलं ऱ्हायलं पायजे. तर गाडी ऱ्हाईल." त्यांनी ती खाच जरा वरच पाडली होती असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. मुंबईच्या मालकाचा निरोप आला होता, जागा रिकामी आहे, ये. नवऱ्याने ट्रंक भरली. त्या दिवशी काठीने नाही म्हटलं तर पुण्यातूनच संध्याकाळच्या गाडीने तो निघणार होता. ट्रंक त्याने स्वतःच कॅनच्या मागे चढवली आणि दोरीने बांधली. मी बांधायला हात लावला नाही.

त्या दिवशी घाटात त्याने गाडी इतकी सुंदर चालवली की मला रडू यायला लागलं. माथ्यावर पाय उचलला तेव्हा गाडी तरंगत पलीकडे गेली. मामंजी शेजारी होते, त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली होती. मी मागे ट्रंकेला टेकून बसले होते, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. सणाचं दूध म्हणून कॅनही नेहमीपेक्षा जास्त होते. नाक्यावर अदलाबदल झाली. जिपेच्या नाकासमोर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "घाई करू नगंस." एरवी सगळ्या जगाची घाई त्याला शहरात व्हायची.

स्वारगेटपर्यंत सगळं ठीक झालं. मग मंडईशी आलो आणि पुढे गोवऱ्यांनी भरलेली एक बैलगाडी आडवी अडकलेली. होळीचा बाजार, माणसांचा समुद्र, टांगे, सायकली, हातगाड्या, सगळे एकमेकांवर ओरडत होते. मी इंजिन बंद केलं.

"चालू ऱ्हाऊ दे, आत्ता निगंल," मागून नवरा म्हणाला.

"निघेल तेव्हा बघू."

मागचा टेम्पो हॉर्न मारायला लागला. कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच." माझं टाळकं सणकलं. उतरून चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण पाय ब्रेकवर होता आणि उतार पायाखाली होता, म्हणून बसून राहिले. मामंजी मात्र मागे वळले आणि त्यांनी ती काठी त्या माणसाला नुसती दाखवली. तो गर्दीत दिसेनासा झाला. बैलगाडी सुटायला वेळ लागला, खूप वेळ लागला, आणि तेवढा वेळ आमची गाडी थेंबभरही न पिता उभी होती. मग वाट झाली, मी ब्रेक सोडला, गाडी उताराला लागली, क्लच सोडला आणि ती खोकून चालू झाली. मागे टेम्पोवाल्याचं इंजिन मधेच बंद पडलं होतं, तो अजून हँडल शोधत होता.

शेवटचं दुकान झालं. नदीकाठाने, लकडी पुलावरून, डेक्कनच्या पंपावर आलो. मी उतरले. मामंजींनी गादी उचलली, झाकण काढलं, काठी आत घातली. एरवी घालताच काढायचे. त्या दिवशी काठी तळाला टेकवून त्यांनी जरा वेळ तशीच धरली. मग बाहेर काढली आणि चटकन अंगठा दाबला.

काठी डोळ्यांजवळ नेली. ओल उडून गेली, कळक कोरडा झाला, तरी अंगठा तिथेच होता. मला त्यांची पाठ दिसत होती, अंगठा दिसत नव्हता. नवरा त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ समजला, निदान त्याला तसं वाटलं. तो गाडीमागे गेला. दोरी सोडल्याचा आवाज आला. मग ट्रंकेची कडी वाजली.

मामंजी वळले. अंगठा अजून काठीवर, त्या खोल खाचेच्या चांगला बोटभर वर. काठी त्यांनी माझ्या हातात दिली. आजवर ती त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिली नव्हती. मग मुलाकडे बघून, नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाले:

"बांद ती परत. आन घरी गेल्यावर पयली खाली उतरव. उद्यापासनं गाडीत नगं. उगं वजन, पेट्रोल खातं."